दप्तर, पान आणि ओळ

माहिती साठवणे आणि माहिती दाखवणे या दोन निराळ्या सत्ता आहेत. पहिलीचा इतिहास पुष्कळ लिहिला गेला, दुसरीचा फारसा नाही.

पुण्याचे पेशवे दप्तर १८१८ नंतर इंग्रजांच्या हाती गेले. १८५२ च्या कायद्यान्वये इनाम कमिशनने याच कागदांच्या आधारे इनामदारांचे दावे तपासले. मात्र राजवाड्यांसारख्या संशोधकांना ते मोकळे नव्हते. पुढे गो. स. सरदेसायांच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात त्यातील वेच्यांचे ४५ खंड निघाले. परवानगीचे एकक येथे संपूर्ण दप्तर होते : दार उघडे, नाहीतर बंद.

मराठवाड्यात दाराला आणखी एक कुलूप होते, लिपीचे. अहमदपूर तालुका निजामी राज्यात बीदर जिल्ह्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी निलंगा व उदगीर यांच्यासह तो मुंबई राज्यात आला, उस्मानाबाद जिल्ह्याला जोडला गेला आणि १९८२ मध्ये नव्या लातूर जिल्ह्यात गेला. राज्ये बदलली, जुने कागद उर्दूत आणि मोडीतच राहिले. कागद पाहण्याची मुभा आहे पण तो वाचता येत नाही, ही अवस्था नकाराहून फारशी वेगळी नसते.

२०२३ मध्ये न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदींच्या शोधात या वह्या पुन्हा उघडल्या. अनेक जिल्ह्यांनी पानांची छायाचित्रे संकेतस्थळांवर ठेवली. ज्या घराला पणजोबांची एक ओळ हवी होती, त्याला हा मोठाच दिलासा. परंतु त्याच पानावर शेजारच्या घराच्याही ओळी असतात, आणि त्या घराला कोणी विचारलेले नसते. एकक आता दप्तर नसून पान आहे. हवे असते ते ओळीचे.

ओळीहूनही बारीक व्यवस्था आज शक्य आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेत २००८ पासून घडलेल्या आणि २०११ मध्ये अपाची प्रतिष्ठानाकडे आलेल्या ‘अ‍ॅक्युम्युलो’ या प्रणालीत माहितीच्या प्रत्येक कप्प्याला दृश्यतेची खूणचिठ्ठी जोडता येते. विचारणाऱ्याचा अधिकार तिच्याशी जुळला तरच तो कप्पा दिसतो. अर्थात, छायाचित्राला कप्पे नसतात. आधी कोणीतरी मोडी वा उर्दू वाचून पानाच्या ओळी आणि रकाने पाडावे लागतात. म्हणजे यंत्राच्याही आधी लिपी जाणणारा माणूस लागतोच.

या सूक्ष्मतेत एक धोकाही आहे. दप्तराचे दार बंद होते, तेव्हा ते बंद आहे हे राजवाड्यांना दिसत होते. म्हणून ते गावोगाव कागद शोधत फिरले. अधिकार न जुळलेला कप्पा मात्र मुळात आहे हेच कळत नाही. शेजाऱ्याची ओळ झाकावी, हे योग्यच. पण काही झाकले आहे, ते कोणाच्या आदेशाने आणि कोणत्या कारणाने, याची नोंद उघडी राहिली पाहिजे. एरवी उद्याचा इतिहासकार अपुऱ्या पानालाच पूर्ण पान समजून इतिहास लिहील.