गृहकर्ज थकल्यावर घर कसे वाचवावे? नोटिशीपासून लिलावापर्यंतचे टप्पे आणि नंतरची उभारी

म्हैसूर : गृहकर्जाचे हप्ते थकल्यानंतर घर बँकेच्या ताब्यात जाण्यापूर्वी कर्जदाराला कायद्याने अनेक संधी मिळतात. मात्र प्रत्येक संधीला मुदत असते आणि ती हुकली की पुढचा मार्ग आधीच्या मार्गापेक्षा महाग पडतो. घर सोडवून घेण्याच्या दृष्टीने अखेरची तारीख लिलावाची नसते. लिलावाची जाहीर सूचना ज्या दिवशी प्रसिद्ध होते, ती असते. हा फरक बहुतेक कर्जदारांच्या लक्षात येतो तेव्हा वेळ निघून गेलेली असते.

‘फोरक्लोजर’ या शब्दानेही गोंधळ वाढतो. अमेरिकेत त्याचा अर्थ थकबाकीपोटी घरावर आलेली जप्ती असा होतो, तर भारतीय बँकांच्या व्यवहारात कर्ज मुदतीपूर्वी फेडून खाते बंद करणे असा होतो. थकीत कर्जापोटी घराचा ताबा घेऊन ते विकण्याची येथील प्रक्रिया २००२ च्या सरफेसी कायद्यानुसार चालते. या कायद्यामुळे बँकेला दिवाणी न्यायालयात दावा न लावता तारण मालमत्ता विकता येते. सहकारी बँकांनाही तो लागू आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील मुरगूड येथील एका सहकारी बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ५ मे २०२० रोजी तसा निर्वाळा दिला. शेतजमीन, एक लाख रुपयांपर्यंतचे कर्ज आणि मुद्दल व व्याजाच्या वीस टक्क्यांहून कमी उरलेली थकबाकी यांना मात्र या कायद्यातून वगळण्यात आले आहे.

पहिले नव्वद दिवस

हप्ता चुकल्याच्या पहिल्या दिवसापासून बँक खात्यावर लक्ष ठेवू लागते. थकबाकी नव्वद दिवसांपेक्षा जुनी झाली की खाते अनुत्पादक, म्हणजेच एनपीए ठरते. त्यानंतर एखाद-दुसरा हप्ता भरून खाते पूर्ववत होत नाही. मुद्दल व व्याजाची संपूर्ण थकबाकी भरल्याशिवाय त्याला नियमित वर्गात परत घेता येत नाही, असे रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२१ मध्ये स्पष्ट केले आहे. त्यामुळे नोकरी गेली, धंदा बसला किंवा घरात मोठे आजारपण आले, तर दुसरा हप्ता चुकण्याची वाट न पाहता बँकेकडे लेखी अर्ज करणे श्रेयस्कर असते.

या टप्प्यावर मुदतवाढ मागता येते, पण तिची किंमत कर्जदाराने आधी कागदावर मांडून पाहावी. समजा, २५ लाख रुपये बाकी आहेत, व्याजदर ९ टक्के आहे आणि १२ वर्षे उरली आहेत. मासिक हप्ता सुमारे २८,४५० रुपये येतो. मुदत २० वर्षे केल्यास तो सुमारे २२,५०० रुपयांवर उतरतो. दरमहा सहा हजारांच्या आसपास दिलासा मिळतो. मात्र मुदतअखेर एकूण सुमारे १३ लाख रुपये जास्त भरावे लागतात. उत्पन्नाची अडचण तात्पुरती असेल तर हा सौदा परवडतो; ती कायमची असेल तर घर जाण्याचा दिवस केवळ पुढे ढकलला जातो. अडचणीपोटी अटी बदलून केलेल्या पुनर्रचनेने खाते सामान्यतः अनुत्पादक वर्गात जाते, हेही अर्ज करण्यापूर्वी बँकेला विचारून घ्यावे.

उशिराबद्दलच्या दंडाचा हिशेबही तपासण्याजोगा असतो. रिझर्व्ह बँकेच्या १८ ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकानुसार बँकांना दंडव्याज लावता येत नाही, केवळ दंडशुल्क आकारता येते आणि त्या शुल्कावर पुन्हा व्याज चढवता येत नाही. वसुली प्रतिनिधींनी सकाळी आठपूर्वी व सायंकाळी सातनंतर दूरध्वनी करू नये, असाही दंडक आहे. त्याचा भंग झाल्यास प्रथम बँकेकडे तक्रार करावी. तीस दिवसांत समाधान न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते.

कर्नाटकात फेब्रुवारी २०२५ मध्ये सूक्ष्म व लघुकर्जांच्या जाचक वसुलीविरुद्ध वटहुकूम निघाला. रिझर्व्ह बँकेकडे नोंदणी असलेल्या बँका व वित्तसंस्था त्याच्या कक्षेबाहेर आहेत. त्यामुळे बँकेच्या गृहकर्जाला या वटहुकुमाचे संरक्षण मिळेल, ही समजूत चुकीची आहे.

साठ दिवसांची नोटीस

खाते अनुत्पादक झाल्यावर बँक मागणी नोटीस पाठवते. तिच्यात साठ दिवसांत संपूर्ण येणे भरण्यास सांगितलेले असते. ही नोटीस न स्वीकारल्याने काहीही साध्य होत नाही. ती दारावर चिकटवून व वृत्तपत्रांत छापून बजावता येते. ‘पेन्शनरांचे शहर’ अशी ओळख असलेल्या म्हैसुरात पुणे-मुंबईकडे राहणाऱ्या कुटुंबाचे घर असेल, तर जुन्या पत्त्यावर गेलेली नोटीस हाती पडेपर्यंत निम्मे दिवस सरलेले असू शकतात. बँकेकडील पत्ता अद्ययावत ठेवणे म्हणूनच महत्त्वाचे ठरते.

नोटिशीला लेखी हरकत घेण्याचा हक्क कर्जदाराला आहे आणि बँकेने ती पंधरा दिवसांत कारणांसह निकाली काढणे बंधनकारक आहे. हरकतीत भरलेले हप्ते, चुकीचे शुल्क, व्याजदराचा वाद हे मुद्दे तारखांसह मांडावेत. त्यासोबत परतफेडीचा ठोस प्रस्तावही द्यावा. बँकेने हरकत फेटाळली तरी त्या टप्प्यावर न्यायाधिकरणात जाता येत नाही. तरीही हा कागद पुढे उपयोगी पडतो, कारण बँकेने हरकतीचा विचारच केला नाही, हा पुढील कारवाईला आव्हान देण्याचा एक आधार असतो.

घर राखणे अशक्य असेल तर ते स्वतः विकणे हा पर्याय लिलावापेक्षा बहुधा हिताचा ठरतो. तरी मानापमानाच्या भावनेपोटी तो सर्वांत उशिरा विचारात घेतला जातो. लिलावात ताब्याबाबत साशंक असलेला ग्राहक भाव पाडून मागतो. खासगी विक्रीत खरेदीदाराची बँक थेट पहिल्या बँकेचे येणे चुकते करते आणि उरलेली रक्कम मालकाला मिळते. मात्र मागणी नोटीस मिळाल्यानंतर बँकेच्या लेखी संमतीविना घर विकता किंवा भाड्याने देता येत नाही. म्हैसुरातील खरेदीदार महापालिकेचा खाता उतारा आणि नोंदणी खात्याचे बोजा प्रमाणपत्र मागतो. हे कागद आधीच काढून ठेवल्यास साठ दिवसांतले काही मौल्यवान दिवस वाचतात.

एकरकमी तडजोडीचा मार्गही खुला असतो. बँका आपल्या संचालक मंडळाने मंजूर केलेल्या धोरणानुसार काही रक्कम सोडून देऊन खाते मिटवू शकतात. मंजुरीपत्रातील भरण्याची तारीख पाळता येणार नसेल, तर असा प्रस्ताव देऊ नये. ती चुकल्यास सवलत सहसा रद्द होते.

ताबा, लिलाव आणि न्यायाधिकरण

साठ दिवसांनंतर बँकेचा प्राधिकृत अधिकारी प्रथम सांकेतिक ताबा घेतो. घराच्या दारावर सूचना लावली जाते आणि सात दिवसांच्या आत ती दोन वृत्तपत्रांत छापली जाते. त्यांपैकी एक स्थानिक भाषेतील, म्हणजे म्हैसुरात कन्नड असते. कुटुंब तेव्हा घरातच राहत असते. प्रत्यक्ष ताब्यासाठी बँक जिल्हाधिकाऱ्यांकडे किंवा मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करते. बँकेने शपथपत्र दाखल केल्यावर तीस दिवसांत, फार तर साठ दिवसांत, त्यावर आदेश व्हावा अशी तरतूद आहे.

ताब्याच्या कारवाईपासून ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. म्हैसूरच्या कर्जदाराला त्यासाठी सुमारे १४५ किलोमीटरवरील बंगळूर गाठावे लागते. शुल्क कर्जाच्या रकमेवर ठरते. ३० लाखांच्या येण्यासाठी ते १०,००० रुपये होते. पूर्वी दाद मागतानाच ७५ टक्के रक्कम भरण्याची अट होती. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये मार्डिया केमिकल्स प्रकरणात ती रद्द केली. तरीही स्थगिती देताना न्यायाधिकरण बहुधा काही रक्कम भरण्यास सांगते. न्यायाधिकरणाच्या निर्णयाविरुद्ध चेन्नईच्या अपिलीय न्यायाधिकरणात जाताना तर निम्मे येणे भरावे लागते. ते २५ टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकते. दिवाणी न्यायालयाचा मार्ग या कायद्याने बंद केला आहे.

न्यायाधिकरणात ‘बँकेने अन्याय केला’ एवढ्याने भागत नाही. नोटीस योग्य पत्त्यावर गेली नाही, मूल्यांकन मान्यताप्राप्त मूल्यनिर्धारकाकडून झाले नाही, विक्रीपूर्वी कर्जदाराला तीस दिवसांची सूचना मिळाली नाही, असे नेमके दोष दाखवावे लागतात. राखीव किंमत बाजारभावाहून फारच कमी वाटल्यास स्वतंत्र मूल्यांकन अहवाल जोडावा.

घर सोडवून घेण्याचा हक्क २०१६ पर्यंत विक्रीच्या तारखेपर्यंत टिकत असे. त्या वर्षीच्या दुरुस्तीने तो विक्रीची जाहीर सूचना प्रसिद्ध होण्यापूर्वीच्या काळापुरता मर्यादित केला. मुंबईतील एका कंपनीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २१ सप्टेंबर २०२३ रोजी या बदलावर शिक्कामोर्तब केले. सूचना छापून आल्यानंतर संपूर्ण रक्कम घेऊन बँकेत गेले तरी घर परत मिळण्याचा हक्क उरत नाही. नातेवाइकांकडून रक्कम उभी करावयाची असेल, तर ती या तारखेच्या आतच हाती असावी लागते.

तडजोडीसाठी लोकअदालतीचाही उपयोग होतो. तेथील निवाडा अंतिम असतो; त्यावर अपील नाही. महिला, अनुसूचित जाती व जमातींच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा किंवा १५१०० या क्रमांकावर संपर्क साधावा. मनावरचा ताण असह्य झाल्यास केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास उपलब्ध आहे.

घर गेल्यानंतर

लिलावानंतर हिशेब संपत नाही. विक्रीच्या रकमेतून प्रथम खर्च आणि मग येणे वजा होते. उरलेली शिल्लक मालकाची असते आणि तिचा तपशील लेखी मागता येतो. रक्कम अपुरी पडली तर उर्वरित येण्यासाठी बँक कर्जदाराच्या व जामीनदाराच्या मागे लागू शकते. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, हे मुलाच्या कर्जाला जामीन राहिलेल्या वडिलांना अनेकदा तेव्हाच कळते. मात्र भविष्यनिर्वाह निधीवर आणि पगाराच्या ठरावीक भागावर जप्ती आणता येत नाही. वैयक्तिक दिवाळखोरीचा सुटसुटीत मार्ग भारतात नाही. २०१६ च्या संहितेतील सामान्य व्यक्तींविषयीच्या तरतुदी लागू झालेल्या नाहीत.

प्राप्तिकराचा फटका बहुतेकांना अनपेक्षित असतो. लिलावाची सर्व रक्कम बँकेने घेतली, मालकाच्या हाती रुपयाही आला नाही, तरी भांडवली नफा विक्रीच्या पूर्ण किमतीवर मोजला जातो. गहाणाची रक्कम त्यातून वजा होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये तसा निर्णय दिला आहे. घर जुने आणि स्वस्तात घेतलेले असेल, तर विवरणपत्र भरण्यापूर्वी सनदी लेखापालाचा सल्ला आवश्यक ठरतो.

पतअहवालात ‘क्लोज्ड’ आणि ‘सेटल्ड’ या दोन शेऱ्यांत मोठे अंतर आहे. पूर्ण रक्कम फेडल्यास पहिला शेरा मिळतो. तडजोड केल्यास दुसरा, आणि नव्या कर्जाच्या वेळी तो आडवा येतो. तडजोडीनंतर त्याच बँकेकडून किमान बारा महिने नवे कर्ज मिळत नाही. देशातील चारही पतमाहिती कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल विनामूल्य घेता येतो. त्यातील चूक कळवूनही तीस दिवसांत दुरुस्त झाली नाही, तर त्यानंतर दररोज शंभर रुपये भरपाईची तरतूद आहे. पत पुन्हा उभी करताना मुदत ठेवीच्या तारणावरील क्रेडिट कार्ड घेऊन त्याचे देयक दरमहा पूर्ण भरणे, हा अनेकांनी वापरलेला मार्ग आहे. ‘सिबिल दुरुस्त करून देतो’ म्हणून पैसे मागणाऱ्या दलालांना खरी नोंद पुसता येत नाही.

कर्ज पूर्ण फेडून घर वाचले असेल तर बँकेने मूळ कागदपत्रे तीस दिवसांत परत केली पाहिजेत. बँकेमुळे विलंब झाल्यास दररोज पाच हजार रुपये भरपाई द्यावी लागते. म्हैसूरच्या घरमालकाने थकबाकी नसल्याचा दाखला घेतल्यानंतर काही आठवड्यांनी नोंदणी खात्याच्या कावेरी या ऑनलाइन प्रणालीवरून नवे बोजा प्रमाणपत्र काढावे आणि बँकेचा बोजा त्यातून उतरला आहे की नाही, ते पाहावे.