‘नैसर्गिक’ बाळंतपण कोणाचे?

जे जे आपल्यावर लादले गेले, ते ते नैसर्गिक म्हणूनच लादले गेले. म्हणून या शब्दाकडे आपण संशयाने पाहिले पाहिजे. हल्ली शहरांतून नव्याने आईबाप होणाऱ्यांसाठी नैसर्गिक बाळंतपणाचे वर्ग चालतात. श्वास कसा घ्यावा, कळा कशा सोसाव्यात, नवऱ्याने धीर कसा द्यावा, हे तेथे शिकवतात. मी व माझी पत्नी अशा एका वर्गाला जात होतो. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, “शेतात राबणाऱ्या बायका बघा, बांधावर बाळंत होतात आणि पुन्हा खुरपे हाती घेतात.” या कौतुकाचा इतिहास तपासावा असे मला वाटले.

इंग्लंडमधील डॉ. ग्रँटली डिक-रीड यांचे ‘नॅचरल चाइल्डबर्थ’ हे पुस्तक १९३३ साली निघाले. भीतीने अंग ताठरते, त्याने वेदना वाढतात. म्हणून बाईला आधी सारे समजावून सांगा, हा त्यांचा विचार मोलाचाच होता. परंतु दाखला म्हणून त्यांनी उभी केली ती सहज बाळंत होणारी ‘आदिम’ स्त्री. तिला काय सोसावे लागते, हे तिला कोणी विचारले नाही. बांधावरची आमची बाई ही तिचीच बहीण!

दुसरी परंपरा कामगारांची आहे. डॉ. फेर्नां लामाझ १९५१ साली सोव्हिएत रशियात गेले आणि तेथे पाहिलेली वेदनारहित प्रसूतीची पद्धत त्यांनी पॅरिसमध्ये धातुकामगारांच्या युनियनच्या दवाखान्यात सुरू केली. तेथे कामगारांच्या बायकांना आपल्या शरीराचे ज्ञान मिळाले. नवऱ्यांनाही शिकवले गेले. पुढे ही पद्धत अमेरिकेत जाऊन मध्यमवर्गाची झाली. युनियन मागे राहिली, श्वास तेवढा उरला.

आपल्याकडे पुष्कळ गावांत सुईणपण मांगवाड्यातील बायांकडे होते. माझी आजीही ते करी. नाळ कापायला तिचे हात चालत. एरवी त्याच हातांचा विटाळ होई. तिच्या ज्ञानाला ज्ञान म्हणण्याची व्यवस्थेची तयारी नव्हती. आणि बांधावरचे बाळंतपण? ते मजुरी बुडण्याच्या भयाने होत होते. यात निसर्ग कोठे आला?

हे बाबासाहेबांनी नेमके ओळखले होते. २८ जुलै १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा देताना त्यांनी मांडले की, बाळंतपणाआधी व नंतर आईला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि बायकांच्या श्रमावर नफा मिळवणाऱ्या मालकानेही त्याचा भार उचलला पाहिजे. १९२९ साली तो कायदा झाला. २०१७ साली पगारी रजा २६ आठवड्यांची झाली. पण ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्याला, ज्याला ‘कोयता’ म्हणतात, त्यातले काय मिळाले? उचल घेतलेली असते. खाडा झाला की दंड कापला जातो. बीड जिल्ह्यातील ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रकरण २०१९ साली गाजले, तेव्हा सरकारला चौकशी समिती नेमावी लागली.

आईबापांनी बाळंतपणाची तयारी जरूर करावी. नवऱ्याने शिकावे, बाईने आपले शरीर जाणावे. परंतु तयारीची पहिली अट मजुरीसह विश्रांती ही आहे. ती कोयत्यालाही मिळाली पाहिजे, ही मागणी आपल्या चळवळीने पुन्हा हाती घ्यावी.