फाय बीटा कापा

‘फ्रॅटर्निटी’ म्हणजे अमेरिकन कॉलेजांतल्या विद्यार्थ्यांचं बंधुमंडळ. लॅटिन ‘फ्रातेर’ आणि आपला ‘भाऊ’ ज्यातून आला तो संस्कृत ‘भ्रातृ’ एकाच कुळातले. पण त्याहून मोलाची त्या मंडळांची ग्रीक नावं. ५ डिसेंबर १७७६ रोजी, अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला जेमतेम पाच महिने झाले असताना, व्हर्जिनियातल्या विल्यम अँड मेरी कॉलेजच्या पाच विद्यार्थ्यांनी एक गुप्त मंडळ काढलं. ‘फिलोसोफिया बिऊ किबर्नेतेस’, अर्थात ज्ञानाची ओढ हीच आयुष्याची कर्णधार, या ब्रीदाची ग्रीक आद्याक्षरं, म्हणजे फाय, बीटा, कापा, त्याला नाव म्हणून दिली आणि चांदीच्या पदकावर कोरली. किती उमदं ब्रीद! पुढच्या मंडळांनी हीच रीत उचलली. ‘किबर्नेतेस’ म्हणजे सुकाणू धरणारा. त्यावरूनच गणितज्ञ नॉर्बर्ट वीनर यांनी १९४८ साली आपल्या पुस्तकाला ‘सायबरनेटिक्स’ हे नाव दिलं, आणि आजचा ‘सायबर’ त्यातूनच निघाला.