उष्णता पुनर्प्राप्ती, मोटारगाडीतील
पेट्रोल एंजिनात जळणाऱ्या इंधनाच्या ऊर्जेपैकी साधारण एक तृतीयांशच उपयोगी पडते. उरलेली बहुतेक रेडिएटर आणि सायलेन्सरवाटे उष्णता होऊन निघून जाते. ही उधळण रोखण्याचा बीएमडब्ल्यूचा ‘टर्बोस्टीमर’ (२००५) हा प्रयोग फार धाडसी म्हणावा लागेल. तापलेल्या धुराच्या नळीवर पाण्याची वाफ करायची आणि तिच्या दाबाने एंजिनाच्या दांड्याला हातभार लावायचा, म्हणजे मोटारीच्या पोटात छोटे वाफेचे एंजिनच! १.८ लिटर एंजिनावर १५ टक्क्यांपर्यंत इंधन वाचेल, असा कंपनीचा दावा होता. पण विक्रीच्या गाडीत ही यंत्रणा आली नाही. टोयोटाच्या तिसऱ्या पिढीतील प्रियस या हायब्रिड (एंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेल्या) गाडीने सोपा मार्ग धरला. थंडीत धुराची उष्णता रेडिएटरच्या पाण्याला दिली, की एंजिन लवकर तापते आणि वरचेवर बंद ठेवता येते.