वाशिमच्या राजाची हरवलेली कविता

एका कलाकारानं दुसऱ्यावर गाणं रचायचं, हे आपल्याकडे जुनंच. १२९६ मध्ये ज्ञानेश्वरांनी समाधी घेतली, त्यावर नामदेवांचे अभंग आहेत. पण आज चला वाशिमला, म्हणजे जुन्या वत्सगुल्मला. चौथ्या शतकातला इथला वाकाटक राजा सर्वसेन स्वतः कवी. कृष्णानं सत्यभामेसाठी पारिजात आणला, ती गोष्ट त्यानं प्राकृतात 'हरिविजय' काव्यात सांगितली. ते काव्य हरवलं. मग आपल्याला कळलं कसं? पार काश्मीरच्या आनंदवर्धनानं नवव्या शतकात त्याला दाद दिली, इतरांनी त्याच्या ओळी आपल्या ग्रंथांत घेतल्या, म्हणून! राजशेखरानं तर काव्यपुरुष आणि साहित्यविद्येचं लग्नच वत्सगुल्मात लावलं. राज्य गेलं, पोथी गेली. दाद तेवढी उरली. तेव्हा आवडत्या गायकाबद्दल दोन ओळी लिहून ठेवा, मंडळी.