माळ्यावरचं कुटुंब कुठल्या रकान्यात?

घाटकोपरच्या एका वस्तीत समाजमंदिराच्या भिंतीवर पात्रतेची यादी लावली होती. मी बातमीसाठी गेलो होतो. एक बाई ओळींवरून बोट फिरवत होत्या. खाली दीर, माळ्यावर या. चूल वेगळी, लाईटबिल एकच. "दादा, आमचं नाव मागच्या पानावर असंल का?" मागचं पान कोरं होतं.

मित्रांनो, ही गोष्ट जुनी आहे. १९७६ मध्ये मुंबईत सरकारी आणि पालिकेच्या जमिनींवरच्या झोपड्यांची गणना झाली आणि लोकांच्या हाती फोटोपास आले. आपल्याकडे आजही ते प्लास्टिकच्या पिशवीत, रेशनकार्डासोबत जपलेले असतात. हिशेब सरळ होता: एक झोपडी, एक नंबर, एक कुटुंबप्रमुख. तेव्हा बैठी घरं होती, चालून गेलं. पुढे पोरांची लग्नं झाली, पत्र्याखाली माळा चढला, बाहेरून लोखंडी शिडी आली. कागद मात्र बैठाच राहिला!

१९९५ मध्ये झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण आलं. पुरावा आधी १ जानेवारी १९९५ चा मागितला, मग २००० चा, पुढे सशुल्क घरासाठी २०११ चा. तारखा सरकत गेल्या, त्यावर निवडणुकाही लढल्या गेल्या. पण परिशिष्ट-२ ची यादी झोपडीमागे एक ओळ याच चालीने चालली.

आता जनगणनेची घरयादी बघा. मास्तर लोक दारावर खडूने नंबर टाकून जायचे ना, तीच. तिथे इमारतीचा नंबर वेगळा, आतल्या घराचा वेगळा, कुटुंबाचा वेगळा. इमारत १२ असेल तर आत १२(१), १२(२). कुटुंब म्हणजे कोण? एका चुलीवर जेवणारे. म्हणजे त्या बाईंना तिथे स्वतःची ओळ मिळते, दिराच्या खाली पण दिरापासून वेगळी. कागद आखणाऱ्याने घरात घर असतं हे धरूनच रकाने पाडलेत.

वरच्या मजल्याला मोफत घर नाही हा नियम आहे, मान्य. त्यावर भांडता येतं, कोर्टात जाता येतं. पण 'अपात्र' म्हणून तरी नाव लिहा की! अपात्राला अपील करता येतं. जो यादीतच नाही, त्याने कशावर करायचं?

२०२७ ची जनगणना मोबाइलवर होणार आहे. त्याआधी एक काम करा. ज्यांच्या घरी जुना फोटोपास आहे, त्यांनी त्यावर कुणाकुणाची नावं आहेत आणि आज त्याच छपराखाली किती चुली आहेत, ते मोजून मला कळवा.