हाताची कंडरा-दुखापत : शस्त्रक्रियेनंतरची सुधारणा

स्नायूची ओढ हाडापर्यंत पोचवणाऱ्या चिवट तंतुमय पट्ट्याला कंडरा म्हणतात. विळीने, कोयत्याने किंवा फुटक्या काचेने बोटाची आकुंचक कंडरा तुटली, की हाड शाबूत असूनही बोट मिटत नाही. स्नायू आक्रसतो आणि कंडरेचे वरचे टोक तळहाताकडे, कधी मनगटापर्यंत ओढले जाते. म्हणून शस्त्रक्रिया लागते. मात्र जोड पक्का झाला म्हणजे काम झाले असे नाही. कंडरा भोवतालच्या ऊतींना न चिकटता सरकतीही राहिली पाहिजे. या दोन गरजा एकमेकींच्या आड येतात, आणि सुधारणेचे सारे गणित त्यांचा मेळ घालण्यात आहे.

पहिला प्रश्न दुखापतीच्या जागेचा. स्विस शल्यविशारद क्लोद व्हर्दां यांनी आकुंचक कंडरांचे पाच विभाग कल्पिले. त्यांपैकी तळहाताच्या पुढच्या घडीपासून मधल्या पेरापर्यंतचा दुसरा विभाग सर्वांत अवघड. तिथे वरवरची आणि खोल अशा दोन कंडरा एकाच अरुंद आवरणातून सरकतात आणि आडवे तंतुमय पट्टे त्यांना हाडालगत धरून ठेवतात. हे महत्त्वाचे पट्टे निकामी झाले, तर बोट मिटताना कंडरा हाडापासून सुटून त्वचेखाली ताणली जाते आणि पकड कमजोर होते. अमेरिकन शल्यविशारद स्टर्लिंग बनेल यांनी या भागाला ‘नो मॅन्स लँड’ म्हटले. ताज्या जखमेत तिथे कंडरा सांधू नये, पुढे कलम बसवावे, असा त्यांचा सल्ला होता. लुईव्हिलच्या हॅरल्ड क्लाइनर्ट यांनी १९६७ साली तिथल्या तात्काळ सांधणीचे चांगले निष्कर्ष मांडल्यावर हे मत मागे पडले.

जखम कशी आहे यावरही बरेच अवलंबून असते. धारदार शस्त्राची स्वच्छ जखम चांगली भरते. यंत्रात चेंगरलेल्या, मातीने माखलेल्या जखमेत व्रणऊती जास्त बनते आणि जंतुसंसर्गाची भीती राहते. सोबत हाड मोडले असेल किंवा बोटाचा चेतातंतू तुटला असेल, तर सुधारणा मंदावते. शस्त्रक्रिया पहिल्या काही दिवसांत व्हावी. बाहेरची जखम शिवली, रक्त थांबले, म्हणून बोट मिटत नसल्याकडे कित्येकदा दुर्लक्ष होते. काही आठवडे असे गेले की स्नायू आखडतो, आवरण मिटते आणि साधी सांधणी अशक्य होते.

सांधणीची ताकद जोडातून जाणाऱ्या धाग्याच्या पदरांवर ठरते. पूर्वी दोन पदर घालत. आता चार किंवा अधिक घालतात आणि कडेने बारीक टाके घेऊन जोड गुळगुळीत करतात. जोडात ३ मिमीपेक्षा मोठी फट पडली, तर ताकद हवी तशी वाढत नाही. केवळ स्थानिक भूल दिलेली असेल, तर रुग्णाला टेबलावरच बोट मिटायला सांगून जोड अडकतो का, फट पडते का, हे पाहता येते.

यानंतरचे आठवडे शस्त्रक्रियेइतकेच निर्णायक असतात. सुरुवातीच्या दोन-तीन आठवड्यांत जोड मुख्यतः धाग्यावरच तगून असतो, आणि नेमके याच काळात चिकटणेही सुरू होते. हात पूर्ण बांधून ठेवला तर बोट ताठरते. मोकळा सोडला तर जोड तुटतो. म्हणून हाताच्या पाठीमागून स्प्लिंट लावतात आणि तिच्या आत काही दिवसांतच मोजक्या हालचाली सुरू करतात. रुग्ण दुसऱ्या हाताने बोट हळूच मिटवतो, मग आधार काढून क्षणभर तसेच धरतो आणि पुन्हा स्प्लिंटला टेकेपर्यंत सरळ करतो. दिवसातून अनेकदा केलेल्या या हालचालीने जोड थोडाथोडा सरकत राहतो, सूज उतरते आणि आवरणातला पोषक द्रव कंडरेत मुरतो. स्प्लिंट साधारण सहा आठवडे असते. जड कामाला बहुधा बारा आठवडे थांबावे लागते. बोट बरे वाटते म्हणून मधेच बादली उचलली आणि जोड तुटला, असे घडते.

त्यामुळे रुग्णाची समज, प्रशिक्षित उपचारतज्ज्ञाची देखरेख आणि कामातून मिळणारी सवड यांना औषधाइतकेच महत्त्व आहे. रोजंदारीवरच्या माणसाला बारा आठवडे हात जपणे परवडत नाही. उपचारांची आखणी करताना ही अडचण आधीच विचारात घ्यायला हवी. लहान मुलांना सूचना पाळता येत नाहीत, म्हणून त्यांचा हात तीन-चार आठवडे बांधून ठेवतात. त्यांचे सांधे तुलनेने कमी आखडतात. धूम्रपानाने रक्तपुरवठा घटतो, तर अनियंत्रित मधुमेहात जखम उशिरा भरते आणि संसर्ग लवकर होतो.

हाताच्या पाठीवरच्या प्रसारक कंडरांचे नियम थोडे वेगळे आहेत. बोटाच्या शेवटच्या सांध्यावरची कंडरा तुटून टोक खाली लोंबत असेल, तर बहुतेकदा शस्त्रक्रियेविना, तो सांधा सहा ते आठ आठवडे अखंड सरळ ठेवून भागते.

सुधारणा मोजताना बोटाचे पुढचे दोन सांधे किती अंश मिटतात ते पाहून, सरळ होताना राहणारी उणीव त्यातून वजा करतात. व्यायाम करूनही काही महिन्यांत प्रगती थांबली, तर चिकटलेली कंडरा दुसऱ्या शस्त्रक्रियेने मोकळी करता येते. त्यानंतर लगेच हालचाल सुरू करावी लागते. जोड तुटल्याचे लवकर लक्षात आले, तर पुन्हा सांधता येतो. उशीर झाला, तर आधी सिलिकॉनची कांडी बसवून नवे आवरण तयार होऊ देतात आणि काही महिन्यांनी तिच्या जागी कंडरेचे कलम घालतात.